खाणीतील मँगनीज आणि रेणूची स्मृती

भंडारा जिल्हा तलावांचा व धानाचा म्हणून सर्वपरिचित आहे. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी हेही त्याचे मोठे धन होय. मँगनीजचा मुख्य उपयोग पोलाद बनविण्यासाठी होतो. डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज डायऑक्साइड विजेरीच्या सेलसाठीही वापरले जाते. याच मूलद्रव्याने इलेक्ट्रॉनिकीत एका नव्या शाखेस हातभार लावला आहे, हे मात्र फारसे ज्ञात नाही.

आजची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर कोरून तयार होतात. हे कोरीवकाम किती सूक्ष्म करता येईल, यास मर्यादा आहे. म्हणून रेणू हाच उपकरणाचा घटक मानावा, असा विचार पुढे आला. एकच रेणू विद्युत्प्रवाह एका दिशेने जाऊ देईल व उलट दिशेने रोखील, अशी रचना १९७४ मध्ये अविराम व रॅटनर यांनी कागदावर मांडली.

मँगनीजचा संबंध येतो तो माहिती साठविण्याच्या कामी. १९८० मध्ये पोलंडमधील लिस यांनी मँगनीजचे १२ अणू असलेल्या एका रेणूची रचना प्रसिद्ध केली. तो तयार करण्यासाठी लागणारे पोटॅशियम परमँगनेट म्हणजे विहिरीचे पाणी शुद्ध करण्यासाठी खेडोपाडी वापरले गेलेले जांभळे औषधच. असा प्रत्येक रेणू स्वतंत्र लोहचुंबकाप्रमाणे वागतो, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. चुंबकत्वाची एक दिशा म्हणजे 'शून्य' व दुसरी म्हणजे 'एक' मानल्यास एका रेणूत माहितीचा एक कण साठविता येईल. असे सुमारे पाच लाख रेणू एका मिलिमीटरच्या रेषेत मावतील. २००६ मध्ये सोन्याच्या दोन टोकांमध्ये असा रेणू बसवून त्यातून विद्युत्प्रवाह नेण्यात आला.

अडचण आहे ती तापमानाची. ही स्मृती महिनोन्महिने टिकण्यासाठी उणे २७१ अंश सेल्सियसइतकी थंडी लागते. २०१८ मध्ये डिस्प्रोसियम या दुसऱ्या धातूच्या रेणूने उणे १९३ अंशापर्यंत मजल मारली. नेहमीच्या तापमानास हे साधणे अद्याप बाकी आहे.

खाणीतील साठा उपशाने घटत जातो. त्या खनिजाविषयीचे ज्ञान मात्र वाटल्याने वाढते. तुमसर परिसरातील विद्यार्थी खनिजाने भरलेले ट्रक नित्य पाहतात. शिक्षकांनी खनिजाचा एक तुकडा वर्गात ठेवून तेथून रेणूपर्यंतचा हा प्रवास समजावून दिला, तर गावच्या मातीतील धनाकडे पाहण्याची नवी दृष्टी मुलांना लाभेल.