शिकागोवर चालून आलेले नाकतोडे

गवतात टुणकन उडी मारणारा नाकतोडा तुम्ही पुष्कळदा पाहिला असेल. तोच मोटारीएवढा झाला तर? १९५७ साली अमेरिकेत निघालेल्या ‘बिगिनिंग ऑफ द एंड’ या चित्रपटात असेच घडते. शेतकी केंद्रात किरणोत्सर्गाच्या साहाय्याने वाढविलेली पिके नाकतोडे खातात, प्रचंड होतात आणि शिकागो शहरावर चालून जातात.

चित्रपटासाठी पैसा बेताचाच होता. म्हणून दिग्दर्शक बर्ट गॉर्डन यांनी इमारतींच्या छायाचित्रांवर खरेखुरे नाकतोडे सोडून चित्रण केले. मध्येच एखादा नाकतोडा इमारत सोडून छायाचित्रातल्या आकाशावर पाय ठेवतो! आपल्याला हसू येते; पण थोड्या खर्चातली ही युक्ती पाहून मौजही वाटते.

असा नाकतोडा खरोखर उभा राहू शकेल का? आपण गणित करून पाहू. समजा, नाकतोडा ५ सेंटिमीटर लांब आणि २ ग्रॅम वजनाचा आहे. त्याची लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १०० पट केली, तर तो ५ मीटर लांब होईल. घनफळ मात्र १०० × १०० × १००, म्हणजे १०,००,००० पट होईल. म्हणजेच वजन २,००० किलोग्रॅम! पायाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. ते वाढेल फक्त १०० × १००, म्हणजे १०,००० पट. याचा अर्थ, पायांवरचा ताण १०० पट झाला. साध्या नाकतोड्याच्या पाठीवर आणखी ९९ नाकतोडे बसविल्यासारखेच हे झाले. हा नियम गॅलिलिओने १६३८ साली आपल्या ग्रंथात मांडला होता. हत्तीचे पाय खांबासारखे जाड का, हेही त्यावरून कळते.

दुसरी अडचण श्वासाची. कीटकांना फुप्फुसे नसतात. अंगावरच्या छिद्रांतून हवा बारीक नळ्यांत शिरते आणि पेशींपर्यंत पोहोचते. नुसत्या विसरणाने प्राणवायूला १०० पट अंतर कापायचे झाले, तर सुमारे १०,००० पट वेळ लागतो. आपला राक्षस चाल करण्याआधीच गुदमरेल!

मग लोकांना अशा कथांची भीती का वाटली? कारण भीतीमागची घटना खरी होती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दूर समुद्रात असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सर्गी राख पडली. बोटीवरचे २३ जण आजारी पडले आणि त्यांपैकी एकजण सप्टेंबरमध्ये मरण पावला. त्याच वर्षी जपानमध्ये ‘गॉडझिला’ हा चित्रपट आला.

किरणोत्सर्गाने प्राणी राक्षसाएवढा होत नाही. तो पेशींतील डीएनएचे धागे तोडतो. त्यामुळे पेशी मरतात किंवा पुढे कर्करोग होऊ शकतो. ही हानी डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावर दिसेल असे रूप तिला या चित्रपटांनी दिले.

करून पाहा : मातीचा एक घन करून त्याला काड्यांचे चार पाय लावा. मग घनाची प्रत्येक बाजू दुप्पट करा; पायांची लांबी व जाडीही दुप्पट करा. वजन किती पट झाले? प्रत्येक पायावरचा ताण किती पट वाढला? उत्तर वहीत मांडून शिक्षकांना दाखवा.