साठीच्या उंबरठ्यावर आरोग्य विमा : व्यापारी-कारागिरांनी काय पाहावे?

नोकरदार माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हाती भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी पडते. दुकानदार, यंत्रमागधारक, सुतार किंवा जरीकाम करणारा कारागीर यांना निवृत्तीची तारीखच नसते. हात चालतो तोवर काम करायचे आणि एके दिवशी गल्ल्याची किल्ली मुलाच्या हाती द्यायची, अशी आपली रीत आहे. जमवलेला पैसा धंद्यातच गुंतलेला असतो. अशा वेळी हृदयाची एखादी शस्त्रक्रिया निघाली, तर तिचे बिल दुकानातल्या मालातून किंवा माग विकून भागवावे लागते. बापाच्या आजारात मुलाचा कारोबार बसू नये, यासाठी हा हिशेब वेळीच केला पाहिजे.

१) प्रथम सरकारी योजना पाहा
सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. घरात सत्तरीपुढील दोघे असतील तर रक्कम दोघांत मिळून असते. वय आधार कार्डावरून धरले जाते, म्हणून त्यावरील जन्मतारीख चुकीची असेल तर आधी दुरुस्त करून घ्यावी. खासगी विमा असला तरी हे 'वय वंदना' कार्ड काढता येते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. मात्र दोन्ही योजना संलग्न रुग्णालयांतच आणि ठरवून दिलेल्या उपचारांसाठीच चालतात. आपल्या गावाजवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे, हे आजार येण्यापूर्वी विचारून ठेवावे.

२) विमा घ्यायचा तर उशीर नको
पासष्टीनंतर नवा विमा मिळत नाही, हा समज आता जुना झाला. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने वयाची ती मर्यादा काढून टाकली आहे. परंतु हप्ता वयाबरोबर वाढतो आणि आधीपासून असलेल्या मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो. सत्तावन्नाव्या वर्षी पॉलिसी घेणाऱ्याचा हा काळ साठीपर्यंत संपतो. बासष्टाव्या वर्षी घेणाऱ्याला पासष्टीपर्यंत थांबावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे, तेवढा भार हलका झाला.

३) स्वस्त हप्त्यामागची अट वाचा
एक उदाहरण घेऊ. समजा विमा ३ लाखांचा असून खोलीभाड्याची मर्यादा रोज ३ हजार आहे, आणि २० टक्के खर्च रुग्णाने सोसायचा अशी अट आहे. रुग्णाने ६ हजारांची खोली घेतली. बिल २ लाख झाले. त्यात खोली, डॉक्टर व शस्त्रक्रियागृह यांचे १ लाख २० हजार आणि औषधे व बसवलेल्या साहित्याचे ८० हजार. खोली दुप्पट भाड्याची असल्याने पहिल्या भागातील निम्मेच, म्हणजे ६० हजार धरले जातील. त्यात ८० हजार मिळवून १ लाख ४० हजार झाले. त्यातून २० टक्के, म्हणजे २८ हजार वजा. कंपनी देणार १ लाख १२ हजार. उरलेले ८८ हजार घरातून. म्हणून खोलीभाड्याची मर्यादा आणि स्वतःचा हिस्सा, या दोन गोष्टी हप्त्याच्या आकड्याआधी पाहाव्यात.

४) आजार लपवू नका
एजंट म्हणाला तरी अर्जात साखर, दमा, जुनी शस्त्रक्रिया लपवू नये. लपवलेली गोष्ट नेमकी दाव्याच्या वेळी उघडी पडते आणि भरलेले हप्ते वाया जातात. अर्ज स्वतः वाचून, किंवा मुलाकडून वाचून घेऊनच सही करावी. पॉलिसी हाती आल्यावर पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. नूतनीकरणाची तारीख वहीत लिहून ठेवावी. पॉलिसी खंडित झाली तर प्रतीक्षा काळ पुन्हा सुरू होतो.

५) मनातील शंका
विम्याविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत. ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या विश्वासातील आलिमांना पॉलिसीची अट दाखवून विचारावे. पण निर्णय विमा न घेण्याचा झाला, तर दरमहा ठरावीक रक्कम उपचारासाठी वेगळी काढण्याचाही निर्णय त्याच दिवशी व्हावा. काहीच न करणे हा मार्ग नव्हे.

आयकर भरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की जुन्या करपद्धतीत कलम ८०डी खाली ज्येष्ठ नागरिकाच्या हप्त्यावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळत आली आहे. आपल्या सल्लागाराकडून चालू वर्षाचा नियम समजून घ्यावा. दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तिथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जावे. तिथे शुल्क लागत नाही.

माल घेताना आपण थानाचा प्रत्येक वार उलगडून पाहतो. पॉलिसीचा कागदही तसाच उलगडून पाहावा.