कुंडीवरच्या गॅलनवर जाऊ नका

अमेरिकेत बाल्कनीत किंवा मागच्या अंगणात कढीपत्ता, मिरची, अळू लावणाऱ्या मराठी घरांना एक हिशेब हमखास छळतो. कुंडी गॅलनवर विकली जाते आणि तिच्यात भरायची माती घनफुटांवर. तसा हा हिशेब शाळकरी पोरालाही जमावा: एका घनफुटात १७२८ घनइंच, अमेरिकी गॅलनमध्ये २३१, म्हणजे घनफुटाला साधारण साडेसात गॅलन. तरीही माती कुठे उरते, कुठे कमी पडते. माझ्या मते भागाकारात सहसा काही बिघडत नाही. कुंडीवरचा आकडा न तपासता खरा धरला जातो, तिथेच घोळ होतो.

रोपवाटिकेतली काळी प्लास्टिकची कुंडी घ्या, जिला सगळे ‘पाच गॅलनची’ म्हणतात. वरचा व्यास ११ इंच, तळाचा ९ आणि मातीची खोली १० इंच असेल, तर सरासरी व्यास १० धरून पोटात सुमारे ७८५ घनइंच येतात. २३१ ने भागले की जेमतेम ३.४ गॅलन! याला फसवणूक म्हणता येणार नाही. त्या धंद्यात कुंड्यांना क्रमांक असतात, एक, तीन, पाच असे, आणि बोलताना त्या क्रमांकाला गॅलन चिकटतो. ‘एक गॅलन’ कुंडीत बहुधा तीन लिटरच्या आसपासच माती मावते, खरा गॅलन मात्र ३.७८५ लिटरचा. हार्डवेअरच्या दुकानातली पाच गॅलनची बादली त्या मानाने इमानदार. फक्त ती काठोकाठ भरायची नसते. पाणी घालायला वर दीड-दोन इंच मोकळे ठेवले की दहाएक टक्के माती तिथेच वाचते.

मातीच्या पिशवीवरही असाच एक खड्डा आहे. एक घनफुटाच्या पिशवीवर बऱ्याचदा २५.७ क्वार्ट असेही छापलेले असते. चार क्वार्टचा गॅलन म्हणून भागले तर ६.४ येतात, साडेसात नाही. पिशवी खोटे बोलत नाही. हे कोरड्या मालाचे क्वार्ट आहेत आणि कोरडा गॅलन २६८.८ घनइंचांचा, दुधा-पेट्रोलच्या गॅलनपेक्षा मोठा. त्यात भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात गॅलन म्हणजे साडेचार लिटर. तो ब्रिटिश गॅलन, घनफुटात सव्वासहाच मावतात. पंधरा बादल्यांचे पंचाहत्तर गॅलन त्या हिशेबाने बारा घनफूट होतात. अमेरिकी हिशेबाने दहा पुरतात.

कोणी म्हणेल, मूठभर मातीसाठी एवढा काथ्याकूट कशाला? एका कुंडीपुरते म्हणणे रास्त आहे. पण वरच्या मापाच्या दहा काळ्या कुंड्यांना खरी गरज साडेचार घनफुटांची, आणि ‘पाच गॅलन’ धरून हिशेब निघतो पावणेसातचा. म्हणजे दोन घनफुटांची एक पूर्ण पिशवी फुकट, शिवाय ती भिजली तर गाडीतून घरात आणताना पाठ मोडते ती वेगळीच. दुसरा आक्षेप मोबाइलचा: तो क्षणात उत्तर देतो. देतो खरा, पण आपण टाकलेल्या पाच गॅलनचे. कुंडी खरोखर केवढी आहे हे त्याला कुठून कळणार? तिसरे म्हणणे मात्र मी मान्य करतो, की सगळे लिटरमध्येच करावे. पिशवीवर बहुतेक वेळा लिटरही असतात आणि घनफुटाला २८.३ लिटर हा एकच आकडा लक्षात ठेवला की पुरे. अडचण इतकीच, की काळ्या कुंडीवर लिटर सहसा नसतात. ते आपल्यालाच काढावे लागतात.

त्यासाठी टेप नको असेल तर घरातली दुधाची गॅलनची कॅन वापरा. तो गॅलन पक्का असतो. कुंडीला तळाशी भोके असतात, म्हणून आत कचऱ्याची मोठी पिशवी नीट बसवा, माती जिथवर येणार तिथवर कॅनने पाणी ओता आणि किती कॅन लागल्या ते मोजा. साडेतीन लागल्या तर साडेतीन गॅलन, मग कुंडीवर काहीही लिहिलेले असो. एकाच मापाच्या कुंड्या असतील तर एक मोजली तरी चालते. निघालेल्या मापावर थोडी माती जास्त धरा, कारण पहिल्या दोन-तीन पाण्यांत ती खाली बसते. पीट मॉसचा दाबून बांधलेला गठ्ठा घेणार असाल तर मात्र हे गणित तसेच लावू नका. त्यावरचे ३.८ घनफूट दाबलेल्या अवस्थेतले असतात. फोडून मोकळा केला की तो जवळपास दुप्पट होऊ शकतो.