सातविणीचा कडू रस

प्रश्न : दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे कोकणात सातविणीच्या सालीचा रस पितात. मुलांना द्यावा का?

उत्तर : लहान मुलांना देऊ नका. सालीचा कडूपणा एकिटामाइनसारख्या अल्कलॉइडांचा असतो आणि त्यांचं प्रमाण चवीवरून कळत नाही. मला खरी धास्ती आहे ती काळोखात साल काढण्याची. चुकून काजऱ्याची साल आली तर? तीही कडूजहर, पण तिच्यात स्ट्रिक्निन असतं. आकडी येऊन श्वास बंद पडू शकतो. सातविणीची पानं एका पेराभोवती सातेक, गोलाकार; साल खरवडली की पांढरा चीक येतो. काजऱ्याची पानं समोरासमोर, बुडापासून तीन-पाच ठळक शिरा, चीक अजिबात नाही. साल आदल्या दिवशी उजेडात, जाणत्या माणसाकडूनच काढून घ्या.