जुन्या लोखंडी वस्तूंस तेल लावणें व चिंध्यांविषयीं सावधगिरी

पावसाळा तोंडाशीं आला म्हणजे घरांतील वडिलोपार्जित तलवार, अडकित्ता, जुनीं कुलपें यांस तेलाचा हात फिरविण्याची चाल आपल्याकडे आहे, व ती योग्यच आहे. लोखंडास ओल आणि हवेंतील प्राणवायु मिळाला कीं गंज चढतो. तेलाचा थर या दोहोंस दूर ठेवितो. परंतु सर्व तेलें सारखीं नसतात, ही गोष्ट आम्ही वाचकांच्या नजरेस आणूं इच्छितों.

खोबरेल व एरंडेल हीं न वाळणारीं तेलें होत. तीं सहज पुसून निघतात, म्हणून नक्षीच्या वस्तूंस बरीं. मात्र खोबरेल जुनें झालें म्हणजे खंवट होतें व त्यांतील आम्ल धातूस बाधतें. यास्तव तें वरचेवर पुसून नवें लावावें.

जवसाच्या तेलाचा गुण निराळा. तें प्राणवायु शोषून घट्ट होतें व रोगणासारखा टणक पापुद्रा धरतें. वस्तु स्वच्छ व पूर्ण कोरडी करून त्याचा अगदीं पातळ हात द्यावा. जाड थर चिकट राहतो.

परंतु याच गुणांत धोका आहे. प्राणवायु शोषितांना तेलांतून उष्णता निघते. पात्यावरील उष्णता हवेंत निघून जाते; पण तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत पडला तर ती आंतच कोंडून वाढते, आणि कांहीं तासांनीं काडी न ओढतां चिंध्या पेट घेतात. 23 फेब्रुवारी 1991 रोजीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं एका 38 मजली इमारतीस अशाच चिंध्यांमुळें आग लागली व आग विझविणारे तिघे जवान प्राणांस मुकले. आपल्या घरीं तर शेजारींच कापूस आणि कडबा असतो.

म्हणून काम संपतांच चिंध्या एकेक उलगडून उघड्यावर, कडब्यापासून दूर, दगडावर वाळत घालाव्या. कडक होईपर्यंत त्यांचा ढीग करूं नये. तें न साधल्यास पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यांत बुडवून झांकण लावावें. बाजारांतील 'उकळलेल्या' जवस-तेलांत लवकर वाळण्यासाठीं बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात. विळी, अडकित्ता यांस तें लावूं नये. तलवार कातडी म्यानांत ठेवूं नये. कातडें ओल धरतें.

गंज टाळावयास जावें आणि कडब्याची गंजी पेटावी, असें कोणाच्याहि घरीं न होवो.