दोन डोळ्यांचे चित्र

एक बोट नाकासमोर धरावे आणि आधी एक डोळा, मग दुसरा डोळा मिटून त्याकडे पाहावे. बोट जागचे हलत नाही, तरी ते सरकल्याचा भास होतो. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे ६.५ सेंटिमीटर अंतर असल्यामुळे प्रत्येक डोळ्याला वस्तू किंचित निराळी दिसते. मेंदू ही दोन दृश्ये जुळवितो आणि आपणांस वस्तूची खोली कळते.

हे तत्त्व ओळखून चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने स्टिरिओस्कोप हे उपकरण बनविले व १८३८ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी छायाचित्रणाची कला जगापुढे आली. मग एकाच देखाव्याची दोन चित्रे घेऊन ती एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटविण्यात येऊ लागली. उपकरणातून पाहताच सपाट चित्रातील डोंगर उभे राहत, दऱ्या खोल होत. घरबसल्या दूरदेश पाहावयास मिळाल्याने लोकांना या चित्रांचे वेड लागले.

अमेरिकेत आल्फ्रेड हार्ट या छायाचित्रकाराने अशी शेकडो चित्रे घेतली. त्या वेळी सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा मार्ग सिएरा नेव्हाडा पर्वतातून नेला जात होता. हजारो चिनी मजूर ग्रॅनाइटच्या खडकात हातांनी भोके पाडीत व त्यांत दारू ठासून सुरुंग उडवीत. माथ्यावरचा १,६५९ फूट लांबीचा बोगदा याच रीतीने खोदला गेला. हार्टच्या एका चित्रात एका बोगद्याच्या तोंडाशी, खांद्यावर कावड घेऊन सोबत्यांसाठी चहा आणणारा मजूर दिसतो.

त्या काळी चित्र घेताना हलणारा हात पुसट उमटे. म्हणून माणसांना स्तब्ध उभे राहावे लागे. त्यामुळे चित्रात घण दिसतो, घणाचा घाव दिसत नाही. १८६७ साली या मजुरांनी गोऱ्या मजुरांइतके वेतन मागून काम बंद ठेवले. त्यांची अन्नसामग्री अडविण्यात आली व आठवडाभरात संप मोडला. त्याचे चित्र कोणी घेतले नाही.

१८६९ साली लोहमार्ग पुरा झाला. हार्टच्या चित्रांखाली बोगद्यांची व दऱ्यांची नावे आहेत. कावडवाल्या मजुराचे नाव मात्र कोठेच नाही. डोळ्यांना खोली दाखविणारे ते उपकरण एवढे दाखवू शकले नाही. ते काम पाहणाऱ्याच्या मनाचे आहे.

स्वाध्याय
१. वस्तूची खोली आपणांस कशी कळते?
२. ‘घण दिसतो, घणाचा घाव दिसत नाही’ असे का म्हटले आहे?
३. तुमच्या गावातील एखादा रस्ता, पूल किंवा विहीर कोणी बांधली, याची वडीलधाऱ्यांकडे चौकशी करा व पाच ओळी लिहा.