छपाईपूर्वी ठरणारी बांधणी

पुण्याच्या पेठांमध्ये छपाई, बांधणी आणि लॅमिनेशन ही तिन्ही कामे एकाच छपराखाली करणारी लहान मुद्रणालये आहेत. अशा मुद्रणालयाचा व्यवहार कसा चालतो, याविषयी एक जिज्ञासू आणि एक जाणकार मुद्रक यांच्यातील हा संवाद आहे.

जिज्ञासू : यंत्र घेतले, कागद आणला आणि कामगार नेमले की हा व्यवसाय उभा राहतो, असा समज असतो. तो कितपत बरोबर आहे?

मुद्रक : तो अपुरा आहे. लहान मुद्रणालयाचे नुकसान बहुधा छापलेला कागद बाइंडिंगच्या टेबलावर आल्यानंतर उघडकीस येते आणि तेव्हा दुरुस्तीला वाव उरलेला नसतो. म्हणून काम स्वीकारतानाच ते शेवटाकडून आखावे लागते. पुस्तक कसे बांधायचे हे आधी ठरते, त्यावरून पृष्ठांची मांडणी ठरते आणि त्यानंतरच प्लेट तयार होते.

जिज्ञासू : याचा खर्चाशी काय संबंध?

मुद्रक : डेमी एक अष्टमांश आकाराचे ९६ पृष्ठांचे पुस्तक विचारात घ्यावे. १८ × २३ इंचांच्या कागदावर दोन्ही बाजू मिळून १६ पृष्ठे बसतात आणि तो कागद तीनदा दुमडला की ती क्रमाने लागतात. या घडीला फर्मा म्हणतात. या पुस्तकाचे सहा फर्मे होतात आणि एकरंगी ऑफसेट छपाईत प्रत्येक फर्म्याच्या दोन बाजूंना दोन याप्रमाणे १२ प्लेट लागतात. प्रती १०० असोत वा १०००, प्लेटचा खर्च तेवढाच राहतो, त्यामुळे थोड्या प्रतींसाठी प्लेट न लागणारी डिजिटल छपाई परवडते. १००० प्रतींसाठी ६००० कागद, म्हणजे ५०० कागदांची १२ रिमे लागतात, पण तेवढाच कागद मागवणे ही मोठी चूक ठरते. यंत्र जुळवताना, घडी घालताना आणि कटिंग करताना काही कागद बाद होतोच, आणि हे वेस्टेज दरपत्रकात धरलेले नसेल तर ते नफ्यातून जाते.

जिज्ञासू : ऐनवेळी दोन पृष्ठे वाढली तर?

मुद्रक : तर त्या दोन पृष्ठांसाठी नवी प्लेट, वेगळी छपाई आणि सुटे पान हाताने लावण्याची मजुरी येते. मजकूर किंचित आखडून ९६ पृष्ठांतच बसवण्याचा सल्ला देणे ग्राहकाच्याच हिताचे असते.

जिज्ञासू : बांधणीचा प्रकार कशावरून निवडावा?

मुद्रक : मुख्यतः जाडीवरून. घडीच्या मध्यावर तारेच्या पिना मारण्याच्या सेंटर पिन पद्धतीत पृष्ठसंख्या चारच्या पटीत असावी लागते; शिवाय पाने एकात एक बसत असल्याने आतली पाने बाहेर सरकतात आणि कटिंगनंतर त्यांचा समास अरुंद होतो. म्हणून जाड पुस्तकासाठी परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठ खरवडून गरम गोंदाने मुखपृष्ठ चिकटवणे, योग्य ठरते. येथे एक गोष्ट फार जपावी लागते. कागदातील तंतू बहुतांशी एका दिशेने असतात, त्या दिशेला ग्रेन म्हणतात, आणि ती पुस्तकाच्या पाठीला समांतर असावी लागते; ती आडवी पडली तर पाने ताठ राहतात, पुस्तक नीट उघडत नाही आणि पावसाळ्यात पाठीजवळ लाटा उमटतात. ग्रेन ओळखण्यासाठी कागदाचा तुकडा एका बाजूने ओला करावा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळला जातो, तीच ग्रेनची दिशा होय.

जिज्ञासू : लॅमिनेशन केलेले मुखपृष्ठही पावसाळ्यात वर उचललेले दिसते, ते का?

मुद्रक : कागद हवेतील ओल शोषून प्रसरण पावतो, प्लास्टिकची फिल्म मात्र तशीच राहते, त्यामुळे मुखपृष्ठ फिल्मच्या बाजूला वाकते. शाई पूर्ण वाळण्याआधी लॅमिनेशन केले किंवा छपाईत फवारलेली पावडर कागदावर राहिली, तर फिल्म नीट चिकटत नाही आणि गडद रंगावर पांढुरके ठिपके दिसतात. घाईच्या कामातही ही प्रतीक्षा टाळू नये.

जिज्ञासू : ओळखपत्रे, गुणपत्रिका यांच्या पाऊच लॅमिनेशनमध्ये तर एवढी गुंतागुंत नसावी?

मुद्रक : तेथे जबाबदारी उलट अधिक असते. उष्णतेने चिकटलेली फिल्म कागद न फाडता सहसा निघत नाही, म्हणून मूळ गुणपत्रिका किंवा जुना दस्तऐवज आला तर तो परत करून छायाप्रतीचे लॅमिनेशन सुचवणे हेच सचोटीचे आहे. एटीएमची पावती ज्या उष्णतासंवेदी कागदावर असते, तो कागद तर यंत्रातून काळाठिक्कर होऊन बाहेर येतो.

जिज्ञासू : छपाईपूर्वी ठरवायच्या गोष्टींत कायदाही येतो का?

मुद्रक : निवडणुकीच्या दिवसांत तो प्रकर्षाने येतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-अ नुसार प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते छापणे बंधनकारक आहे. प्रकाशकाने स्वाक्षरी केलेले आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र दोन प्रतींत घेतल्याखेरीज छपाई करता येत नाही. त्याची एक प्रत छापील पत्रकासह, राज्याच्या राजधानीबाहेरील मुद्रणालयाच्या बाबतीत, जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद, २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे गिऱ्हाईक ओळखीचे असले तरी ते घोषणापत्र हाती आल्यावरच प्लेट करायला घ्यावी.